टायरचीही जन्मतारीख असते

१ जुलै २०२३ ची रात्र बुलढाणा जिल्हा विसरणार नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुटा शिवारात, रात्री दीडच्या सुमारास उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ माणसे होती. त्यांतील २५ जण गेले, ८ वाचले. नोकरीसाठी, शिक्षणासाठी पुण्याला निघालेली तरुण मुले त्यांत होती.

वाचलेल्यांमध्ये बसचा चालकही होता. त्याने सांगितले, टायर फुटला. दिवस उजाडेपर्यंत हे दोन शब्द सगळ्या महाराष्ट्रात पोहोचले. पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने जागेची तपासणी केली, तेव्हा टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. चालत्या गाडीचा टायर फुटला तर रस्त्यावर रबराचे तुकडे पडतात, चाकाच्या खुणा उमटतात. तसे तेथे काही आढळले नाही.

वाचकहो, या घटनेची आठवण जखमेवरची खपली काढण्यासाठी दिलेली नाही. आपल्याकडे अपघात झाला की "टायर फुटला" हे दोन शब्द उच्चारले जातात आणि पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. जणू टायर फुटणे म्हणजे वीज कोसळणे. त्यात ना कोणाचा दोष, ना कोणाची जबाबदारी. म्हणून हे दोन शब्द कानांवर पडले की दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. पहिला, टायर खरोखरच फुटला का? आणि दुसरा, फुटला असेल तर त्या टायरचे वय काय होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टायरवरच छापलेले असते. ते कसे वाचायचे आणि वाचून काय करायचे, हे या लेखात पाहू.

न्यायालय काय म्हणाले?

आधी एक निकाल सांगतो, कारण तो प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवा. २५ ऑक्टोबर २०१० रोजी तीन सहकारी पुण्याहून मुंबईला मोटारीने निघाले होते. गाडी वेगात होती. मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि त्यांतील ३८ वर्षांचा कमावता माणूस जागीच गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपये भरपाई मंजूर केली. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे होते की टायर फुटणे ही देवाची करणी आहे, त्याची भरपाई आमच्यावर कशाला?

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे म्हणणे फेटाळले. भूकंप, पूर यांसारख्या माणसाच्या हाताबाहेरच्या नैसर्गिक शक्तींना देवाची करणी म्हणता येईल. टायर फुटणे हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने सांगितले. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणे आहेत, आणि प्रवासाला निघण्याआधी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

कारणावाचून काही घडत नाही, हे आपल्या घरांत नव्याने सांगायला नको. "नशिबात होते" म्हणून हात जोडून बसणे आपल्या शिकवणुकीत बसत नाही. तर मग टायर फुटण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे.

रबर म्हातारे कसे होते?

टायर झिजतो, हे सगळ्यांना माहीत आहे. नक्षी गेली, टायर गोटा झाला की बदलायचा, इतके ज्ञान प्रत्येक गाडीवाल्याला असते. पण टायर झिजण्याआधीही म्हातारा होतो, हे पुष्कळांना माहीत नसते. नक्षी चांगली खोल आहे, टायर काळाभोर दिसतो, गाडी फार चाललेली नाही, आणि तरीही तो टायर वापरण्यायोग्य राहिलेला नाही, असे होऊ शकते.

घरातले उदाहरण घ्या. कुकरची रबरी रिंग नवी असते तेव्हा मऊ असते, ओढली की ताणते, सोडली की मूळ आकाराला येते. वर्ष-दीड वर्षाने तीच रिंग कडक होते, दुमडली की बारीक भेगा दिसतात आणि कुकरची वाफ बाजूने जाऊ लागते. रिंग झिजलेली नसते. उष्णतेने रबराचा जीव गेलेला असतो. कपाटात ठेवलेले रबर बँड दोन-तीन वर्षांनी काढले की तुटतात, तेही याच कारणाने. ते तर कोणी वापरलेलेही नसते.

टायरचे रबर साध्या रबरापेक्षा पुष्कळ बळकट असते. त्यात गंधक घालून ते तापवून पक्के केलेले असते. काजळी घातलेली असते, तिने बळ येते आणि उन्हापासून संरक्षणही मिळते. टायरचा काळा रंग त्या काजळीचा. शिवाय हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांनी रबर लवकर खराब होऊ नये म्हणून काही रसायने आणि मेण मिसळलेले असते. चाक फिरते, टायर दबतो आणि सुटतो, तसतसे हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहते आणि रबरावर पातळ थर धरते.

पण प्राणवायू थांबत नाही. तो बाहेरून लागतो, आणि टायरमध्ये दाबाने भरलेल्या हवेतूनही रबरात झिरपतो. वर्षे जातात तसे रबर ताठर होते, त्याची ताणण्याची शक्ती कमी होते. टायर म्हणजे नुसते रबर नसते. मोटारीच्या रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात, त्याखाली दोऱ्यांचे थर असतात, आणि हे सगळे रबरानेच एकमेकांना चिकटलेले असते. चिकटवणारे रबर म्हातारे झाले की थर सुटू लागतात. हे बाहेरून दिसत नाही. मग एका दुपारी, भरधाव गाडीत, टायरचा वरचा पट्टाच सोलून निघतो. आपण म्हणतो, टायर अचानक फुटला. प्रत्यक्षात तो दोन-तीन वर्षांपासून आतून सुटत आलेला असतो.

घाटाखालचे ऊन

उष्णता वाढली की रबराचे म्हातारपण लवकर येते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा विभागाने २००८ मध्ये एका विमा कंपनीचे आकडे दिले होते. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अॅरिझोना या पाच उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते. पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे याच पाच राज्यांतून आले. आणि त्या दाव्यांतील ८४ टक्के टायर ६ वर्षांपेक्षा जुने होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. घाटावर बुलढाणा, चिखली थोडे निवांत. पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून कुठवर जातो, हे तेथल्या माणसाला विचारा. हवा इतकी तापलेली असते तेव्हा दुपारचा डांबरी रस्ता पन्नास-साठ अंशांवर गेलेला असतो. त्यावर भरलेली गाडी राजूर घाट चढते-उतरते, मग टायरची काय गत होत असेल? थंड देशातील टायरच्या वयाचा हिशेब आपल्याकडे जसाच्या तसा धरता येणार नाही, थोडा अलीकडेच धरावा लागेल.

उभी गाडीही म्हातारी होते

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी गाडी रोज फिरत नाही. मुलगा पुण्याला कामाला लागला, त्याची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी. लग्नसराईपुरती चालणारी जीप, उरलेले आठ महिने बाभळीखाली. हंगामापुरती जुंपली जाणारी ट्रॅक्टरची ट्रॉली. अशा गाडीचे टायर पाहून माणूस म्हणतो, "काय चालली हो ही गाडी? टायर तर नवेच आहेत."

उभ्या गाडीचा टायर फिरत नाही, म्हणून ते मेण पृष्ठभागावर येत नाही. एकाच जागी वजन पडून तो दबलेला राहतो. हळूहळू हवा कमी होते, कोणी पाहत नाही. एका बाजूला दिवसभर ऊन लागते. त्यामुळे कमी चालणाऱ्या गाडीचा टायर किलोमीटरवर मोजायचाच नाही, तो वर्षांवर मोजायचा.

यात सर्वांत फसवी वस्तू म्हणजे स्टेपनी. गाडी घेतली तेव्हा मिळालेली स्टेपनी आठ-दहा वर्षे मागे टांगलेली असते. रस्त्यात पंक्चर झाले की ती लावायची आणि पुन्हा त्याच वेगाने पळायचे. पाच चाकांत सर्वांत म्हातारे चाक ऐनवेळी कामाला लावतो आपण. स्टेपनीने जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू जावे, एवढाच तिच्यावर भरवसा ठेवावा. तिचे वय कमी असेल तर गोष्ट वेगळी.

चार आकडे वाचा

आता मुख्य गोष्ट. टायरच्या बाजूवर पुष्कळ अक्षरे-आकडे उठवलेले असतात. त्यांत एका लांबट चौकटीत चार आकडे शोधा. हे आकडे इंग्रजीत असतात. बहुतेक टायरांवर ते डी, ओ, टी या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सापडतात. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष सांगतात.

समजा ३२१९ असे आकडे आहेत. म्हणजे टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात, ऑगस्ट महिन्यात, कारखान्यात तयार झाला. ०५२४ असेल तर २०२४ सालचा ५ वा आठवडा, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीची सुरुवात. चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो गाडीला लावायचा प्रश्नच नाही. तारीख बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर चाकाच्या आतल्या बाजूला बघा. मोबाइलची बत्ती लावून वाका, सापडते. दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला हे काम सांगा. एकदा दाखवले की ती पोरे गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची वये सांगत सुटतील.

नवा टायर घेतानाही ही तारीख पाहायची. दुकानदार रागावला तरी पाहायची. सावलीत, थंड जागी ठेवलेला टायर फार लवकर खराब होत नाही, पण दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या पूर्ण किमतीला आपण का घ्यावा? सहा महिने, फार तर वर्षभरापूर्वीचा मागा. टायरवर आयएसआय खूण आहे हेही बघा.

वापरलेला टायर घ्यायची पाळी पुष्कळांवर येते. ऐपतीचा प्रश्न असतो, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण तारीख घासून टाकलेली दिसली तर तो टायर हातात धरू नका. गोटा झालेल्या टायरवर हत्याराने नवी नक्षी कोरून विकणारेही असतात. अशा टायरची नक्षी खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबर उरलेलेच नसते. कधी तारा किंवा दोरे डोकावतात. खोबणीत नखाने चाचपून बघा.

बदलायचा केव्हा?

झिजेच्या बाबतीत आपल्याकडे कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार, जीप, बस, ट्रक यांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. दुचाकी व तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर. मोजपट्टी लागत नाही. नक्षीच्या खोबणीत ठिकठिकाणी छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचा वापर संपला. पावसाळ्यात तर त्याआधीच बदललेला बरा, कारण खोबणीतूनच पाणी बाहेर फेकले जाते. खोबण नसली की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक लागत नाही.

वयाच्या बाबतीत मात्र आपल्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सांगतात की पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, तो कितीही चांगला दिसला तरी, काढून टाकावा. काही मोटार कंपन्या सहा वर्षांतच बदला म्हणतात. आपल्या भागातले ऊन, रस्ते आणि भार पाहता सहा वर्षे ही मर्यादा मनाशी धरलेली बरी. प्रवासी वाहतुकीच्या गाडीला आणि पुढच्या चाकांना तर नक्कीच.

वय कमी असले तरी पुढील लक्षणे दिसली की वाट पाहू नका. बाजूला बारीक भेगांचे जाळे. बाजूला आलेला फुगा किंवा गाठ. याचा अर्थ आतले दोरे तुटले आहेत, असा टायर त्याच दिवशी काढायचा. बाजूला कापल्याची खूण. विशिष्ट वेगाला गाडी थरथरणे. पंक्चर नसताना हवा वारंवार कमी होणे. बाजूच्या भिंतीला पडलेले भोक ठिगळ लावून चालत नाही; पंक्चर काढायचे ते फक्त नक्षीच्या भागातले.

रिट्रेड टायरबद्दल एक शब्द. नवे रबर चढवलेला टायर म्हणजे वाईटच, असे नाही. जगभर ट्रक आणि बसला तो वापरतात; आपल्या एसटी महामंडळाचीही स्वतःची रिट्रेडिंग केंद्रे आहेत. पण वरचे रबर नवे असले तरी आतला सांगाडा जुनाच असतो, आणि वय मोजायचे ते सांगाड्याचे. रिट्रेड टायर पुढच्या चाकांना लावू नये, हे अनुभवी चालक सांगतातच.

एका आईची लढाई

इंग्लंडमधील एक घटना येथे सांगण्यासारखी आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी रात्री एका संगीत महोत्सवाहून तरुण-तरुणींना घेऊन निघालेली बस सरे परगण्यात रस्ता सोडून झाडावर आदळली. चालक आणि दोन तरुण प्रवासी ठार झाले. त्यांत १८ वर्षांचा मायकेल मोलॉय होता. तपासात दिसले की पुढचा टायर फुटला होता. टायरची नक्षी कायद्यात बसणारी होती. पण त्याचे वय होते १९ वर्षांहून अधिक. ज्या बसला तो लावला होता, त्या बसपेक्षाही तो टायर जुना होता! तरीही कायद्याचा भंग झाला नव्हता, कारण वयाचा कायदाच नव्हता.

मायकेलची आई फ्रान्सेस मोलॉय यांनी हे उत्तर मान्य केले नाही. त्यांनी वर्षानुवर्षे मंत्र्यांचे, खासदारांचे उंबरे झिजवले, मोहीम चालवली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे कायदा झाला. बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना, तसेच मिनीबसच्या प्रत्येक एकेरी चाकाला दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावण्यास बंदी आली. मुलगा गेल्यानंतर साडेआठ वर्षांनी. "टायर फुटला" हे ऐकून ती आई घरी बसली असती, तर ती तारीख कोणी वाचली असती?

आपल्याकडे असा नियम व्हावा, ही मागणी करायला हरकत नाही. पण तोवर आपला टायर आपण वाचायचा.

हवा: सर्वांत स्वस्त औषध

म्हातारा टायर फुटतो, तसा कमी हवेचा तरणाबांड टायरही फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकल्याने तापते, तापल्याने थर सुटतात. तारेचा तुकडा हाताने पुन्हा पुन्हा वाकवला की गरम होतो आणि तुटतो, तसेच.

यासंबंधी एक गैरसमज आपल्या भागात फार पसरलेला आहे. "उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पौंड कमीच भरायची." हे उलटे आहे. कंपनीने जी हवा सांगितली आहे, ती टायर थंड असताना भरायची असते. चालल्यावर दाब थोडा वाढणार, हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवली की टायर अधिक तापतो आणि जे टाळायचे तेच घडते. चालून आलेल्या गरम टायरची हवा सोडू नका. आठ-पंधरा दिवसांनी सकाळी निघण्याआधी हवा तपासा. आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. स्टेपनीचीही हवा पाहा.

दुसरे, भार. नऊ माणसांच्या जीपमध्ये अठरा बसवली, वर टपावर सामान लादले, की प्रत्येक टायरवर त्याने कधी सोसू नये असे वजन येते. भाडे वाचते, टायर तापतो.

तिसरे, वेग. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. आपल्या जिल्ह्यातून मेहकर, दुसरबीड, सिंदखेडराजा येथून त्यावर जाता येते. सपाट भागात मोटारीला १२०, बसला १०० आणि मालगाडीला ८० किलोमीटरची मर्यादा आहे; दुचाकी व ऑटोला प्रवेश नाही. चिखली-देऊळगावराजा रस्त्यावर चाळीस-पन्नासने चालणारी जुनी गाडी त्या रस्त्यावर चढते आणि दोन-दोन तास शंभरने पळते. वळण नाही, थांबा नाही, टायरला थंड व्हायला उसंत नाही. गावच्या रस्त्यावर आणखी वर्षभर निभावला असता, तो टायर तेथे तासाभरात हार खातो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या रस्त्यावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती याचसाठी. पण तपासणाऱ्याला प्रत्येक गाडी दिसेलच असे नाही.

आणि चालत्या गाडीचा टायर फुटलाच, तर जोराने ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग डावीकडे घ्या. सगळ्यांनी पट्टा बांधलेला असेल तर निम्मी लढाई जिंकलेली असते.

पैसा आणि मालक

"हे सगळे खरे, पण चार टायरांचे पैसे आणायचे कोठून?" हा प्रश्न रास्त आहे. ऑटो किंवा काळी-पिवळी चालवणाऱ्याच्या हातात एकदम रक्कम नसते. त्यासाठी चार-पाच जणांनी मिळून टायरची भिशी करावी. समजा एक टायर दोन हजारांचा आहे आणि तो पाच वर्षे चालतो, तर रोजचा खर्च एक रुपया दहा पैसे. एका कटिंग चहाच्या किमतीत कितीतरी दिवस निघतात. चारही एकदम बदलता येत नसतील तर वयाने सर्वांत मोठा आधी बदला.

आपल्यातील पुष्कळजण दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहेत. टायर मालकाचा, जीव आपला. मालक म्हणतो, "अजून एक खेप काढ." येथे कायदा चालकाच्या मदतीला येतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९० प्रमाणे दोष असलेली गाडी चालवणारा जसा जबाबदार, तसाच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही जबाबदार. म्हणून तोंडी सांगून गप्प बसू नका. टायरचा आणि त्यावरील तारखेचा फोटो काढून मालकाला मोबाइलवर पाठवा, "हा टायर बदलणे आवश्यक आहे" असे दोन शब्द लिहा. पुढे काही घडले तर ते दोन शब्द तुमच्या बाजूने उभे राहतील. बहुधा मालक त्याआधीच टायर बदलेल.

गाडी ठरवताना

लग्नाला, सोयरिकीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, ६ डिसेंबरला मुंबईला आपण गावोगावाहून गाड्या ठरवून जातो. गाडी ठरवताना भाडे किती, माणसे किती, एवढेच बोलणे होते. इसार देण्याआधी गाडीला एक फेरी मारा. पाचही टायर, स्टेपनी धरून, बघा. चार आकडे वाचा. भेगा, फुगा, गोटा झालेली नक्षी दिसली तर स्पष्ट सांगा, टायर बदलून आण, नाहीतर दुसरी गाडी पाहतो. हे बोलायला पुरुषच पाहिजे असे नाही. महिला मंडळाने गाडी केली असेल तर मंडळातल्याच दोघींनी बघावे. पोरेबाळे आपलीच त्यात बसणार आहेत.

काढलेला टायर अंगणात उघडा टाकू नका. त्यात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचे डास होतात. होळीत किंवा शेकोटीत जाळूही नका, तो धूर विषारी असतो. भंगारवाल्याला द्या.

घरात प्रत्येकाचा जन्मदाखला जपून ठेवलेला असतो. गाडीच्या कागदांच्या पिशवीत एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर प्रत्येक टायरचे चार आकडे लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, स्टेपनी. शेजारी लिहा, कोणता टायर कोणत्या साली सहा वर्षांचा होईल. दहा मिनिटांचे काम आहे, खर्च काही नाही. येत्या रविवारी हवा भरायला निघण्याआधी ते उरकून टाका.